एक्झिफ

एक्झिफ : डिजिटल कॅमेरा किंवा मोबाइल छायाचित्र टिपताना त्याच फाइलमध्ये आपोआप लिहून ठेवतो ती तांत्रिक नोंद. तिचा पहिला आराखडा जपानी इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ मध्ये ठरवला. कॅमेऱ्याचे मॉडेल, फोकल लेन्थ, शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओ, फ्लॅश उडाला की नाही, तारीख व वेळ हा तिचा मुख्य मजकूर. संगणकावर फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ती दिसते, बारकाईने पाहायची तर फिल हार्वे यांचे ‘एक्झिफटूल’ हे मोफत साधन सर्वांत भरवशाचे.

आकडे सुटे वाचून काही हाती लागत नाही. ते एकमेकांशी आणि समोरच्या चित्राशी ताडून पाहावे लागतात. समजा, धबधब्याचे पाणी रेशमासारखे ओघळते आहे आणि नोंद सांगते : शटर १/२ सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/१६, आयएसओ १००. पाणी लांबट का झाले, हे शटरवरून कळते. खडक मात्र रेखीव असतील, तर कॅमेरा बहुधा ट्रायपॉडवर होता. दाट सावलीत हे आकडे जुळतात. पण चित्रात लख्ख ऊन असेल, तर एफ/१६ आणि आयएसओ १०० ला साधारण १/१०० सेकंद पुरायला हवा होता. म्हणजे प्रकाश जवळजवळ पन्नासपट अडवणारा काळसर फिल्टर लेन्सवर असणार. फिल्टर, ट्रायपॉड, रिफ्लेक्टर यांची नोंद फाइलमध्ये नसते. ती अशी तर्कानेच काढावी लागते. प्रकाश कोठून आला, हे तर सावल्याच सांगतात. नवशिक्याने दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत, ते याचसाठी.

ही नोंद पुरावा म्हणून कच्ची आहे. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असले तर वेळही चुकीची पडते. शिवाय मजकूर सहज बदलता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ती गळून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास टिकते.

मोबाइलच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांशही असू शकतात. डिसेंबर २०१२ मध्ये ‘व्हाइस’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रातील अशाच नोंदीवरून, बेलीझ पोलिसांना चौकशीसाठी हवे असलेले जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात असल्याचे उघड झाले. घराचे किंवा मुलांचे छायाचित्र सार्वजनिक करण्यापूर्वी ही स्थाननोंद काढून टाकावी. मूळ फाइल मात्र स्वतःजवळ जशीच्या तशी जपावी.