दार, दरवाजा आणि कुलूप

पाचवीत असताना गुरुजींनी माझ्या निबंधातल्या 'दरवाजा' या शब्दावर लाल रेघ मारली आणि वर 'दार' असे लिहिले. "हा तुमच्याकडचा शब्द. आपला शब्द दार," ते म्हणाले. रागावून नव्हे, समजावण्याच्या सुरात म्हणाले, म्हणूनच ते जास्त लागले. 'तुमचे' आणि 'आपले' यांच्यामध्ये मी नेमका कुठे उभा आहे, ते कळेना. गंमत अशी की त्याच निबंधात 'कुलूप' तीन वेळा आले होते आणि त्याला त्यांनी हातही लावला नव्हता. वर्गाबाहेरच्या भिंतीवर पाटी होती, 'दरवाजा बंद ठेवावा'.

गेल्या वर्षी गावचे जुने घर उतरवले. लाकूड घेणारा आला, त्याने एकेका वस्तूचे नाव घेत भाव सांगितला आणि मला ती लाल रेघ आठवली. चौकट, फळ्या, बिजागऱ्या, कडी, कोयंडा, अडसर, खिडकीचे गज, तावदाने, कुलूप. यांतले कुणाकडचे काय, असा हिशेब करायला बसलो.

आधी दार. संस्कृतात द्वार, फारसीत 'दर'. एकातून दुसरा निघाला असे नाही. दोन्ही भाषा ज्या मुळातून आल्या, त्याच मुळातून हे शब्दही आले. म्हणजे गुरुजींनी ज्याला हाकलले आणि ज्याला घरात घेतले, ते दोघे चुलतभाऊ निघाले. मराठीने मात्र दोघांना ठेवून घेतले आणि कामे वाटून दिली. घराला दार, किल्ल्याला दरवाजा. झोपडीला कुणी दरवाजा म्हणत नाही आणि शनिवारवाड्याचे 'दिल्ली दार' कधी ऐकले आहे का? पेशव्यांचा तो वाडा 1732 मध्ये उभा राहिला, आणि त्याच्या वेशींची नावे पाहा: दिल्ली दरवाजा, मस्तानी दरवाजा, गणेश दरवाजा. गणपतीच्या नावापुढे फारसी शब्द लावताना पुण्यात कुणाला काही खटकले नाही.

त्याच वाड्याला एक खिडकी दरवाजाही आहे. आज हे नाव विचित्र वाटते. खिडकी ती खिडकी, दरवाजा तो दरवाजा. पण खिडकी हा शब्द ज्या संस्कृत-प्राकृत शब्दापासून आला, त्याचा अर्थच मुळी बाजूचे लहान दार. मोठा दरवाजा बंद असला तरी माणसाला वाकून आत जाता यावे, अशी ती सोय. पुढे ती सोय 'दिंडी' या नावाने राहिली, आणि खिडकी हळूहळू वर सरकून भिंतीत उजेडासाठी जाऊन बसली. (मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेल्या खडकीचा या खिडकीशी संबंध नाही, ते नाव खडकावरून आले. तीच खडकी पुढे औरंगाबाद झाली, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर आहे. शहराचे नाव बदलले, पण अंबरचा भडकल दरवाजा अजून दरवाजाच आहे.)

शुद्धीकरणाचा प्रयत्न आपल्याकडे झाला नाही असे नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी राजव्यवहारकोश सिद्ध केला आणि दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. राज्य नवे होते, त्याला स्वतःची भाषा हवी होती. ती गरज मला समजते. पण त्याच स्वराज्यात वाढलेल्या रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र उघडा. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष आहे, दोनतीन दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात, नेहमीच्या राबत्याला लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा त्यातला विचार आहे. शत्रूचा मारा चुकवण्याची चिंता त्यात पुरेपूर आहे. 'दरवाजा' हा शब्द चुकवण्याची अजिबात नाही.

विसाव्या शतकातले उदाहरण माधव ज्यूलियन यांचे. मराठीत गझल रुजवणारा हा फारसीचा प्राध्यापक. 1925 मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश काढला आणि पुढे 1938 मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिले. ज्या माणसाने हे शब्द वेचून, निवडून, अर्थ लावून एकत्र केले, त्यालाच पुढे ते नकोसे झाले. यात ढोंग नव्हते असे मला वाटते, म्हणूनच जास्त वाईट वाटते. त्यांचा कोश मात्र अजून उपयोगी पडतो.

आता कुलूप. मूळ अरबी 'कुफ्ल'. मराठी जिभेने 'फ' आणि 'ल' यांची अदलाबदल केली आणि असा शब्द घडवला की अरबाला ओळखू येऊ नये, गुरुजींनाही येऊ नये. त्याची चावी पोर्तुगीज, 'शाव्ही'वरून आलेली. अरबी कुलपात पोर्तुगीज चावी फिरते आणि मराठी माणूस निश्चिंत झोपतो. कोकणात नि गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात तेही पोर्तुगीजच. तमिळ जन्नल आणि बंगाली जानला हे त्याचेच भाऊ. तावदान फारसी, मूळ अर्थ उजेड आत यायची जागा. आपण ते नाव काचेला दिले. पडदा फारसी, कमान फारसी. उंबरा, कवाड, अडसर ही जुनी देशी मंडळी. अडसर तर वस्तू म्हणून घरातून गेला आणि 'मार्गातला अडसर' होऊन वर्तमानपत्रात उरला.

सगळ्यांत लांबचा प्रवास महिरपीचा. मशिदीत किब्ल्याची दिशा दाखवणारा भिंतीतला कमानदार कोनाडा म्हणजे मेहराब. मराठीत ती महिरप झाली, वाड्याच्या दिवाणखान्यात गेली, देवघरावर चढली, सणाच्या दिवशी ताटाभोवती रांगोळीत उतरली. गणिताच्या पुस्तकात 'महिरपी कंस' आहेच. पाचवीनंतर त्याच शाळेत तो कंस आम्हाला शिकवला गेला, तेव्हा कुणी लाल रेघ मारली नाही.

आमच्या घरात दखनी चालायची. पण दादी रात्री ओरडायची ती "कडी लगाये क्या रे?" अशीच, आणि तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू द्यायची नाही. शेजारच्या काकूही त्यांच्या मुलांना तेच सांगायच्या. दोन्ही घरांच्या चौकटी गावातल्या एकाच सुताराने केल्या होत्या.

ती चौकट साडेचार हजारांना गेली. कुलूप मी ठेवून घेतले; चावी नाही, पण वजनदार आहे, कागदांवर ठेवायला बरे पडते. फ्लॅटच्या खिडक्या अॅल्युमिनियमच्या. बसवायला आलेला मुलगा सेक्शन, ट्रॅक, स्टॉपर, नेट एवढ्या चार शब्दांत काम संपवून गेला. नात मराठीच्या पुस्तकात 'तारुण्याच्या उंबरठ्यावर' असे वाचत होती. तिने विचारले, "उंबरठा म्हणजे कुठला भाग?" घरभर शोधले. शेवटी तिला बाथरूमच्या दारातली पाणी अडवायची ग्रॅनाइटची पट्टी दाखवली.