जोडीदार की स्वावलंबन? : स्कुबा डायव्हिंगमधील सुरक्षाविचाराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
पाण्याखाली माणसाने एकट्याने जावे की जोडीदारासह, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडाप्रशिक्षणातील एका नियमापुरता मर्यादित वाटतो. वास्तविक त्यामागे मोठा इतिहास आहे. समुद्रात दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. त्यामुळे तीस मीटरवर पाणबुड्याला पृष्ठभागाच्या सुमारे चौपट हवा लागते आणि तेथे हवा संपल्यास निर्णयासाठी फारच थोडा अवधी उरतो. त्या क्षणी मदत कोठून येणार, याचे उत्तर प्रत्येक कालखंडाने वेगळे दिले. प्रस्तुत लेखात या उत्तरांचा मागोवा घेतला असून, जोडीदाराचा नियम हा सार्वकालिक नसून हातून सुटलेल्या दोराला शोधलेला पर्याय होता, असे प्रतिपादन केले आहे.

दोराचा कालखंड :
जपानमधील 'आमा' या पाणबुड्या स्त्रियांच्या एका प्रकारात स्त्री समुद्रतळाशी जाते आणि तिचा दोर होडीत बसलेला पती सांभाळतो. सुरक्षा पाण्याखाली नसून पाण्यावर आहे, हे त्यामागील तत्त्व होय. एकोणिसाव्या शतकात ऑगस्टस सीबे यांनी विकसित केलेल्या शिरस्त्राणयुक्त पोशाखातही हेच तत्त्व टिकून राहिले. पाणबुड्याला हवा नळीतून मिळे आणि दोराच्या हिसक्यांनी तो वरच्या माणसाशी बोले.

इंग्लंडमधील स्पिटहेड येथे १७८२ मध्ये बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेचे अवशेष हटविण्याचे काम कर्नल चार्ल्स पॅस्ली यांनी १८३९ मध्ये हाती घेतले. त्यांनी पाणबुड्यांना जोडीने काम करण्याची सूचना दिली. जोडीदार पद्धतीचा हा पहिला नोंदलेला वापर मानला जातो. मात्र येथे जोडीदार दोराच्या जोडीला होता, दोराऐवजी नव्हता.

दोराकडून जोडीदाराकडे :
१९४३ मध्ये झाक-इव्ह कुस्तो व एमील गान्यां यांनी ॲक्वालंग सिद्ध केले. हवा पाठीवर आली आणि पाणबुड्या मुक्त झाला, परंतु या मुक्ततेबरोबरच वरच्या माणसाशी असलेला संबंधही संपला. संक्रमणाच्या या काळात दोर पूर्णपणे टाकून दिला गेला नव्हता. १९४७ मध्ये कुस्तो यांचे सहकारी मॉरिस फार्ग दोर बांधून खोल उतरले. त्यांच्या खुणा थांबताच त्यांना वर ओढण्यात आले, पण त्यांचे प्राण वाचले नाहीत. १२० मीटर खोलीवरील पाटीवर त्यांची सही आढळली. दोर माणसाला वर आणू शकतो. तो जिवंत वर येईल याची हमी देत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

मोकळ्या पोहणाऱ्या पाणबुड्यासाठी नव्या व्यवस्थेची गरज होती. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत कॉनराड लिंबॉ यांनी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात वैज्ञानिक पाणबुड्यांसाठी प्रशिक्षणक्रम उभा केला. त्याच प्रेरणेतून १९५४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने सर्वसामान्यांसाठी प्रशिक्षण सुरू केले. ब्रिटनमध्ये १९५३ मध्ये ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब, तर अमेरिकेत १९६० मध्ये 'नाउई' व १९६६ मध्ये 'पाडी' या संस्था स्थापन झाल्या. शालेय शिबिरांतील पोहणाऱ्यांना परिचित असलेली 'बडी सिस्टीम' या प्रशिक्षणाचा पाया ठरली. लिंबॉ यांचा स्वतःचा मृत्यू १९६० मध्ये फ्रान्समधील पोर-मिऊ येथील जलमग्न गुहेत झाला, ही इतिहासातील विषण्ण करणारी बाब होय.

नियमाची मर्यादाही लवकरच दिसून आली. एकच मुखनळी आळीपाळीने दोघांनी वापरावी, अशी त्या काळी शिकवण होती. घाबरलेल्या माणसाकडून ही शिस्त पाळली जाणे कठीण होते. ३ डिसेंबर १९६२ रोजी हान्नेस केलर व ब्रिटिश सब-ॲक्वा क्लबचे एक संस्थापक पीटर स्मॉल कॅटालिना बेटाजवळ सुमारे ३०० मीटर खोलीपर्यंत गेले. या मोहिमेत स्मॉल मृत्यू पावले आणि मदतीसाठी उतरलेला तरुण पाणबुड्या क्रिस्टोफर व्हिटेकर परत आलाच नाही. मदतीला जाणाराही संकटात सापडू शकतो, हे यातून स्पष्ट झाले.

गुहांतील दोन परंपरा :
या वादाचे सर्वांत बोलके रूप गुहांमध्ये दिसते. ब्रिटनमध्ये १९४६ मध्ये 'केव्ह डायव्हिंग ग्रुप' स्थापन झाला. तेथील जलमग्न बोगदे अरुंद, थंड व गढूळ असतात. अशा ठिकाणी मागचा माणूस पुढच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. उलट तो परतीची वाट अडवू शकतो. म्हणून तेथे स्वतंत्र मुखनळ्यांची दोन सिलिंडर घेऊन एकट्याने जाणे हीच सुरक्षित रीत ठरली. याउलट फ्लोरिडातील गुहा प्रशस्त व पाणी नितळ असल्याने तेथे गटाने जाण्याची शिस्त रुजली. शेक एक्स्ली यांनी १९७९ च्या पुस्तकात अपघातांच्या अभ्यासावरून अखंड मार्गदर्शक दोरी आणि हवेच्या तिसऱ्या हिश्श्याचा नियम यांवर भर दिला : एक हिस्सा जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक संकटासाठी.

दोन्ही परंपरांची उत्तरे परस्परविरोधी असली तरी राखीव हवा व परतीची निश्चित वाट ही सूत्रे समान आहेत. मतभेद आहे तो राखीव हवा कोणाच्या पाठीवर असावी, याविषयी.

स्वावलंबनाला मान्यता :
१९९१ मध्ये रॉबर्ट फॉन मायर यांचे एकल डायव्हिंगवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि दबक्या आवाजातील चर्चा उघड झाली. त्यानंतर 'एसडीआय' या संस्थेने एकल डायव्हिंगचा अभ्यासक्रम आणला आणि २०१० च्या दशकात 'पाडी'नेही स्वावलंबी पाणबुड्यासाठी अभ्यासक्रम सुरू केला. दोन्हींसाठी किमान १०० बुड्यांचा अनुभव आणि हवेचा स्वतंत्र पर्यायी साठा अपेक्षित असतो. म्हणजेच एकल डायव्हिंग ही नियमातून मिळालेली सूट नसून अधिक कठोर असा दुसरा नियम आहे.

'एकटा' या संज्ञेची चिकित्सा :
अपघातांच्या नोंदींतील 'एकटा' हा शब्द सावधपणे वाचावा लागतो. मुळातच एकट्याने उतरलेला आणि जोडीने उतरून ताटातूट झालेला, असे दोन्ही त्यात येऊ शकतात. पहिला एकटेपणाच्या तयारीने गेलेला असतो, दुसरा जोडीदाराच्या भरवशावर. दोघांची गणना एकत्र केल्यास कोणत्याच पद्धतीचे योग्य मूल्यमापन होत नाही.

शिवाय जोडी अभंग राहूनही अनर्थ घडू शकतो. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफ येथे एका दांपत्याला समुद्रातच सोडून बोट परतली. ते कधीच सापडले नाहीत. दोघे एकमेकांसोबत होते, परंतु वर त्यांची मोजदाद नीट झाली नाही. दोर गेल्यानंतर पृष्ठभागावरील जबाबदारीचा पडलेला विसर या घटनेतून प्रकर्षाने जाणवतो. मालवण-तारकर्ली परिसरात नवख्या पर्यटकाला प्रशिक्षक हाताशी धरून पाण्याखाली नेतो. तेथे तो पर्यटक ना जोडीदार असतो, ना स्वावलंबी. त्याची सर्व सुरक्षा प्रशिक्षक व बोटीवरील माणसे यांच्यावर अवलंबून असते. म्हणून हा इतिहास आपल्या किनाऱ्यालाही परका नाही.

निष्कर्ष :
१. जोडीदार पद्धतीचा सार्वत्रिक प्रसार ॲक्वालंगमुळे निर्माण झालेल्या गरजेतून झाला.
२. सुरक्षेचा आधार माणसांच्या संख्येपेक्षा राखीव हवा, परतीची वाट आणि पूर्वतयारी यांवर अधिक असतो.
३. नवशिक्यासाठी जोडीदार आवश्यकच आहे. मात्र त्याच्या असण्याने स्वतःची तयारी अनावश्यक ठरत नाही.
४. पाण्याखाली एक जण असो वा दोघे, वर वाट पाहणारा जबाबदार माणूस असणे ही दोराच्या कालखंडाची शिकवण आजही कालबाह्य झालेली नाही.