मुलींची स्वतंत्र शाळा आणि आत्मविश्वासाची घडण : गिरगाव, हुजूरपागा, शिवडी

मुलींसाठी वेगळ्या शाळा काढण्यामागे आरंभी स्त्रीस्वातंत्र्याची कल्पना क्वचितच होती. पालकांची भीती हे त्याचे प्रमुख कारण होते. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने पुढील वर्षी मुंबईत कन्याशाळा उघडल्या. तेव्हा दादाभाई नौरोजींसारख्या तरुणांना घरोघरी जाऊन मुली मागाव्या लागल्या, तर जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावात शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. ओळखीचे आवार आणि मुलग्यांची अनुपस्थिती या दोन गोष्टींवर हा प्रयोग उभा राहिला. तथापि भीतीपोटी घातलेल्या या कुंपणाच्या आत पुढे जे घडले, ते कुंपण घालणाऱ्यांच्या अपेक्षेपलीकडचे होते.

याचे स्पष्ट दर्शन पुण्यात होते. मुलींचे हायस्कूल असावे, या मागणीचे इंग्रजी निवेदन रमाबाई रानडे यांनी गव्हर्नरसमोर भरसभेत वाचून दाखविले. सभेत कौतुक झाले. घरी मात्र वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. रमाबाईंच्या आठवणींतील (१९१०) हा प्रसंग बोलका आहे. त्यांच्या धिटाईला पतीचा आधार होता, पण बरोबरीच्या मैत्रिणींचा नव्हता. १८८४ मध्ये न्या. रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर आदींच्या प्रयत्नांनी सुरू झालेल्या हायस्कूलने ही उणीव भरून काढली. पेशव्यांच्या खाशा पागेच्या जागेवरून ते 'हुजूरपागा' म्हणून प्रसिद्ध झाले. तेथे धीटपणे उभे राहून बोलणारी मुलगी एकटी नव्हती, आणि म्हणूनच ती विक्षिप्तही ठरत नव्हती.

या शाळेला झालेला विरोध बारकाईने पाहण्याजोगा आहे. १८८७ च्या सुमारास टिळकांनी 'मराठा' पत्रातून तिच्या अभ्यासक्रमावर व वेळापत्रकावर टीका केली. मुलींना दिवसभर शाळेत न बसवता सुमारे तीन तास शिकवावे, म्हणजे घरकामात खंड पडणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. आक्षेप वेगळ्या इमारतीला नव्हता. मुलीने दिवसाचे कितीतरी तास घरापासून दूर, स्वतःच्या अभ्यासासाठी खर्चावेत, याला होता. टीकाकारांनी मर्म अचूक ओळखले होते, असेच म्हणावे लागेल.

इरावती कर्वे यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते. ब्रह्मदेशात जन्मलेली ही मुलगी सातव्या वर्षी हुजूरपागेच्या वसतिगृहात आली आणि १९२२ मध्ये मॅट्रिक झाली. पुढे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली तिने मानवी कवट्यांची मोजमापे घेतली. युरोपीय वंशाच्या श्रेष्ठत्वाबाबतच्या फिशर यांच्या गृहीतकाला त्या मोजमापांतून दुजोरा मिळाला नाही आणि तिने तसे प्रबंधात नोंदविले. परक्या देशातील तरुण विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकाविरुद्ध निष्कर्ष मांडणे सोपे नव्हते. या निर्भयतेचे सारे श्रेय शाळेला देणे अनैतिहासिक होईल; रँग्लर परांजपे यांच्या घरातील मोकळ्या वातावरणाचा वाटाही मोठा आहे. परंतु त्या घराची वाटही शाळेतूनच गेली : परांजप्यांची शकुंतला ही तिची हुजूरपागेतील मैत्रीण होती.

मग ही संधी कोणाला मिळाली? मुंबई महानगरपालिकेने सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रथम १९२५ मध्ये एफ आणि जी या वॉर्डांत लागू केले. परळ-शिवडीचा गिरणी व गोदी कामगारांचा पट्टा एफ वॉर्डात मोडत होता. शिवडीच्या चाळीतील मुलीला अक्षरओळख देण्याचे बंधन अशा रीतीने कायद्याने आले, पण ते प्राथमिक इयत्तांपुरतेच होते. ज्या वयात मुलगी वादविवादात भाग घेते, वर्गाची जबाबदारी सांभाळते, मैत्रिणींच्या बळावर घरी 'नाही' म्हणू लागते, ते वय त्यानंतर येते. त्या वयात कामावर गेलेल्या आईच्या जागी धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम चाळीतील थोरल्या मुलीकडेच येई. टिळकांनी मागितलेले तीन तासदेखील मग तिच्या वाट्याला उरत नसत.