पदवीधरांचें मत : नाशिक विभागाचा एक मतदारसंघ

नाशिकचें नांव निघालें म्हणजे गोदावरीचा घाट, काळारामाचें मंदिर आणि बारा वर्षांनीं येणारा सिंहस्थ हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु राज्यकारभाराच्या नकाशावर याच नगराच्या नांवाचा आणखी एक प्रदेश आहे, आणि त्याचा परिचय सुशिक्षित घरांतूनही फारसा आढळत नाहीं. महाराष्ट्र विधानपरिषदेचा नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघ तो हा. नाशिक, अहिल्यानगर, धुळें, नंदुरबार व जळगांव असे पांच जिल्हे त्यांत मोडतात. सातपुड्यापासून भीमेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेल्या एवढ्या मुलखांतून एकच सभासद निवडला जातो, आणि त्याला मत देण्याचा अधिकार केवळ पदवीधरांस असतो.

विद्येला मताचा अधिकार जोडण्याची ही कल्पना स्वराज्यांत जन्मलेली नाहीं. १८९२ च्या कायद्यानें मुंबई विद्यापीठाच्या सिनेटला कौन्सिलसाठीं सभासद सुचविण्याची सवलत मिळाली. १९३५ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत दोन सभागृहें झालीं, तेव्हां खालच्या सभागृहाच्या १७५ जागांपैकीं एक विद्यापीठाकरितां राखलेली होती. त्या काळीं सामान्य मतदारालाही शेतसारा, घरभाडें, प्राप्तीवरील कर किंवा शिक्षण यांपैकीं कशाचा तरी दाखला लागे. मत हा हक्क नव्हता, ती लायकीची पावती होती.

या पावतीची दुसरी बाजू नाशिकनें जवळून पाहिली आहे. १९२४ सालीं गोखले एज्युकेशन सोसायटीनें येथें कॉलेज काढलें आणि या भागांतील मुलांची उच्च शिक्षणाची सोय झाली. पुढें सहाच वर्षांनीं, २ मार्च १९३० रोजीं, त्याच नगरांत काळारामाच्या दारापुढें सत्याग्रह सुरू झाला. ज्यांना देवळाचें दार बंद आणि शाळेचेंही पुरतें उघडें नाहीं, त्यांनीं विद्येचा दाखला कोठून आणावयाचा? डॉ. आंबेडकरांनीं सायमन कमिशनपुढें प्रौढ मताधिकाराची मागणी केली, तिच्या मुळाशीं हाच प्रश्न होता. त्या सत्याग्रहांतील अग्रणी दादासाहेब गायकवाड १९३७ सालीं मुंबईच्या विधानसभेंत निवडून गेले, आणि १९५७ सालीं नाशिकनें त्यांना लोकसभेवर पाठविलें. या दोन निवडणुकांच्या मध्यें १९५० ची राज्यघटना येऊन गेली होती. पहिल्या वेळीं मताला अटी होत्या. दुसऱ्या वेळीं प्रत्येक प्रौढास एक मत होतें.

मग ज्या घटनेनें सर्वांस समान मत दिलें, तिनेंच पदवीधरांस आणखी एक मत कां दिलें? घटनेच्या १७१ व्या कलमानें वरिष्ठ सभागृहाची रचना मिश्र ठेविली आहे. एक तृतीयांश सभासद नगरपालिका व जिल्हा परिषदांसारख्या संस्था निवडतात, एक तृतीयांश विधानसभा निवडते, एक षष्ठांश राज्यपाल नेमतात, आणि पदवीधर व शिक्षक यांच्याकडे प्रत्येकीं एक द्वादशांश येतो. महाराष्ट्राच्या ७८ जागांत पदवीधरांच्या सात आणि शिक्षकांच्या सात आहेत. १९५१ च्या शिरगणतींत देशांतील जेमतेम १८ टक्के लोक साक्षर होते. गर्दीच्या मतानें निवडलेल्या सभागृहाशेजारीं विचारी मंडळींचें एक छोटें सभागृह असावें, ही अपेक्षा त्या दिवसांत अस्वाभाविक नव्हती.

व्यवहारांत मात्र या मताची वाट अवघड आहे. विधानसभेच्या यादींत नांव एकदां लागलें कीं तें राहतें. पदवीधरांची यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वीं मुळापासून नवी होते. पदवी मिळून तीन वर्षें लोटलेलीं असलीं पाहिजेत, आणि दर सहा वर्षांनीं अर्ज नव्यानें भरला पाहिजे. त्यामुळें जो उमेदवार आधींपासून गांवोगांव अर्ज भरवून घेतो, त्याची निम्मी लढाई मतदानापूर्वींच झालेली असते. मतपत्रिकेवर पक्षाचें चिन्ह नसतें. नांवापुढें पसंतीचा १, २, ३ असा आंकडा लिहावयाचा, तोही केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या शाईच्या लेखणीनेंच. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मतें कोणासही न मिळाल्यास तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजली जाते.

३० जानेवारी २०२३ ची निवडणूक या सर्वांचा नमुना ठरली. तीन वेळां निवडून आलेले डॉ. सुधीर तांबे यांना काँग्रेसनें उमेदवारी दिली होती. त्यांनीं अर्ज भरलाच नाहीं. त्यांचे चिरंजीव सत्यजीत तांबे अपक्ष म्हणून उभे राहिले. महाविकास आघाडीनें शुभांगी पाटील या अपक्ष उमेदवारास पाठिंबा दिला. तांबे यांना ६८,९९९ आणि पाटील यांना ३९,५३४ मतें पडलीं. परंतु अडीच लाखांहून अधिक नांवांच्या त्या यादींतून मतदानास आले ते सुमारें निम्मे, आणि त्यांपैकींही हजारों मतपत्रिका अवैध ठरल्या. पांच जिल्ह्यांतील पदव्या एकत्र आल्या, तरी एक आंकडा बिनचूक लिहिण्याचें काम सर्वांस साधलें नाहीं.

पदवी आणि प्रतिनिधित्व यांतील अंतर न्यायालयानेंही सांगितलें आहे. पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार स्वतः पदवीधर असलाच पाहिजे असें नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें मद्रासकडील एका खटल्यांत १९७२ सालीं दिला. पश्चिम बंगाल, पंजाब व तामिळनाडूनें आपल्या परिषदा विसर्जित केल्या. महाराष्ट्रासह सहा राज्यांत त्या चालू आहेत.

तथापि या मतदारसंघांत एक बदल मुकाट्यानें घडला आहे. १९८९ सालीं नाशिकांतच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. शेतांत, कारखान्यांत किंवा घरांत राबणाऱ्या माणसासही पदवीची वाट त्यानें मोकळी केली. जी पदवी पूर्वीं थोड्या घरांची मिरास होती, ती आतां आदिवासी पाड्यांतूनही येऊं लागली आहे. यादीचा हा विस्तार पाहतां १९३० च्या प्रश्नास अर्धें उत्तर मिळालें, असें म्हणतां येईल. उरलेलें अर्धें उत्तर, नांव नोंदवून घरीं बसणाऱ्या आणि नांवच न नोंदविणाऱ्या पदवीधरांनीं द्यावयाचें आहे.