छप्पर राखणारी मुदत

धाराशिव जिल्हा हा अवर्षणाचा प्रदेश. पावसाने दगा दिला, बैल दगावला अथवा घरात आजारपण आले, की सामान्य कुटुंबास कर्जाचा आश्रय घ्यावा लागे. रक्कम लहान असे. परंतु फेडीची मुदत टळली, की शेत व राहते घर दोन्ही धोक्यात येत. अशा कुटुंबांस तारणाऱ्या तरतुदींचा इतिहास उद्बोधक आहे.

तत्कालीन मुंबई इलाख्यातील शिरूर तालुक्यात, कर्डे गावी, डिसेंबर १८७४ मध्ये सुमारे १५० रुपयांच्या हुकूमनाम्यापायी बाबासाहेब देशमुख यांचे कितीतरी अधिक मोलाचे घर सावकाराने लिलावात घेतले व ते पाडण्यास आरंभ केला. गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव होऊन कर्जरोखे जाळले गेले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा जन्मला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत न्यायालयांस व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासण्याचा व हप्ते बांधून देण्याचा अधिकार लाभला; कर्जापायी शेतकऱ्यास होणारा तुरुंगवास थांबला.

धाराशिवचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने सोलापूरच्या शेतकऱ्यास मिळालेले हे संरक्षण सीमेपलीकडे पोहोचले नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली आणि १९५० च्या हैदराबाद कूळ व शेतजमीन कायद्याने येथील कुळांस आधार दिला. खंड थकला तरी तो भरण्यास मुदत देण्याची तरतूद त्यात होती. ती मुदत म्हणजेच अनेकांचे जगणे होते.

आज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतकरी व मजूर यांचे स्वतःचे राहते घर सामान्य कर्जाच्या जप्तीतून वगळलेले आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ अन्वये अवैध सावकारीतून बळकावलेली मालमत्ता परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतात. तथापि घरच गहाण पडले असल्यास कलम ६० चे कवच अपुरे ठरते.

म्हणूनच समाजाच्या साहाय्याची खरी वेळ गहाणखतावर सही होण्यापूर्वीची होय. औषधोपचाराचे बिल वा दोन महिन्यांचे थकलेले भाडे वेळीच भागले, तर एक घर उभे राहते. लिलावानंतर दिलेल्या मोठ्या देणगीनेही ते परत मिळेलच, असे नाही.