बर्फाच्या लोंढ्यात जीवाणूंची जपणूक

अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात हिवाळा सरताना बर्फ वितळू लागतो, तेव्हा जमीन बऱ्याचदा गोठलेलीच असते. पाणी मुरत नाही. ते थेट गटारात उतरते. शहराच्या जुन्या भागात मैलापाणी आणि पर्जन्यजल एकाच वाहिनीतून वाहते. त्यात पाऊस आला, तर जोन्स आयलंड येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर अल्पावधीत प्रचंड भार पडतो. १९२५ पासून चालणाऱ्या या केंद्रातील खरे कामगार म्हणजे जीवाणू. त्यांचा वाळवलेला गाळ ‘मिलॉर्गनाइट’ या नावाने खत म्हणून विकला जातो.

सक्रिय गाळाची ही पद्धत आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी १९१४ साली मँचेस्टरमध्ये मांडली. टाकीत हवा सोडायची, जीवाणूंना मैल्यावर पोसायचे, पुढच्या निवळण टाकीत त्यांचे पुंजके तळाशी बसवायचे आणि त्यातील बराचसा गाळ पुन्हा हवेच्या टाकीत आणायचा. लोंढा आला की नेमके हेच चक्र तुटते. निवळण टाकीत पाण्याचा वेग वाढतो, गाळाचा थर वर चढतो आणि काठावरून वाहून जातो. त्या पाण्याबरोबर नदी वा सरोवर तर दूषित होतेच, पण केंद्राची आठवड्यांची कमाईही जाते.

सर्वांत मोठा फटका बसतो तो अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जीवाणूंना. मैला खाणारे सामान्य जीवाणू काही तासांत दुप्पट होतात. या मंडळींना अनुकूल तापमानातही जवळपास दिवस लागतो. पाणी दहा अंशांनी थंड झाले की त्यांची वाढ साधारण निम्म्यावर येते. त्यांच्या कामात पाण्यातील क्षारताही खर्च होते, आणि वितळलेल्या बर्फात ती मुळातच कमी. रस्त्यांवर टाकलेले मीठ एकदम आले तर तो आणखी एक आघात. ‘मायक्रोथ्रिक्स पार्विसेला’ या तंतुमय जीवाणूला मात्र थंडी मानवते. त्याच्यामुळे फेस येतो आणि गाळ फुगून नीट बसत नाही.

मग उपाय काय? थंडीत जीवाणूंची संख्या टिकवण्यासाठी गाळ टाकीत अधिक दिवस ठेवावा लागतो. पण गाळ फार साठला, तर लोंढ्यात निवळण टाकी तो पेलू शकत नाही. या दोन टोकांमधील नेमकी जागा शोधणे हेच संचालकाचे खरे कौशल्य. त्यासाठी लागणारे साधन अगदी साधे आहे: एक लिटरच्या भांड्यात गाळ अर्धा तास स्थिर ठेवून तो किती बसतो हे पाहणे. ही चाचणी वादळाच्या आदल्या दिवशी करावी. लोंढा आल्यावर तिचा उपयोग फारसा नाही.

ऐन लोंढ्यात परतीच्या गाळाचे पंप जोरात चालवण्याचा मोह होतो. काही मर्यादेपर्यंत ते योग्य; त्यापुढे निवळण टाकीवरचा भारच वाढतो. अधिक परिणामकारक युक्ती म्हणजे येणारे पाणी हवेच्या टाकीच्या सुरुवातीला न सोडता शेवटच्या कप्प्यांत सोडणे. पहिल्या कप्प्यांत परतीचा दाट गाळ सुरक्षित राहतो आणि निवळण टाकीकडे विरळ मिश्रण जाते. पाणी टप्प्याटप्प्याने सोडण्याची ही कल्पना १९३० च्या दशकाअखेर न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड गूल्ड यांनी वापरात आणली. डेन्मार्कमध्ये विकसित झालेल्या पद्धतीत तर शेवटच्या भागातील हवा थोडा वेळ बंद करून गाळ तिथेच बसू देतात.

मिल्वॉकीने १९९० च्या दशकात खोल बोगदे सुरू केले. आज त्यांत सुमारे १९७ कोटी लिटर पाणी थोपवता येते व ओघ ओसरल्यावर ते केंद्राकडे पाठवले जाते. बोगदे भरले, तर मात्र पाणी मिशिगन सरोवराच्या दिशेने सोडावेच लागते.

मुंबईत बर्फ नाही आणि सांडपाणी व पर्जन्यजल यांच्या वाहिन्याही वेगळ्या आहेत. तरीही पावसाळ्यात मॅनहोल आणि फुटक्या सांध्यांतून पाणी मलवाहिन्यांत शिरतेच. थंडीचा प्रश्न सुटतो. विरळ झालेले अन्न आणि गाळ वाहून जाण्याचा धोका उरतो.

लोंढा ओसरल्यावर जादा गाळ काढणे काही काळ थांबवावे आणि रोज सूक्ष्मदर्शकातून नमुना पाहावा. सुरुवातीला मुक्तपणे पोहणारे सूक्ष्मजीव अधिक दिसतात. देठावर उभे असलेले, घंटेच्या आकाराचे ‘व्हॉर्टिसेला’ पुन्हा दिसू लागले, की गाळाची प्रकृती सुधारू लागली असे समजावे.