स्टेरॉइडावलंबी तीव्र दमा : पर्यायी औषधोपचार

स्टेरॉइडावलंबी तीव्र दमा म्हणजे इनहेलरमधून मोठ्या मात्रेत औषधे घेऊनही आटोक्यात न राहणारा व त्यामुळे प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागणारा दमा होय. या गोळ्यांची मात्रा घटवण्यासाठी किंवा त्या बंद करता याव्यात यासाठी योजलेल्या औषधांचा येथे विचार केला आहे.

स्टेरॉइडचे दुष्परिणाम
स्टेरॉइड श्वासनलिकांतील दाह शमवतात. मात्र गोळ्यांच्या दीर्घ सेवनाने हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, उच्च रक्तदाब, मोतीबिंदू व जंतुसंसर्ग यांचा धोका वाढतो. सुप्त क्षयरोगही पुन्हा उफाळू शकतो.

पूर्वतपासणी
औषध बदलण्यापूर्वी इनहेलर ओढण्याची पद्धत, औषधाचा नियमितपणा, धूम्रपान, नाकाचे विकार व परिसरातील कारणे तपासतात. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांत गाजरगवताचे परागकण आणि जिनिंगमधील धूळ यांची चौकशी आवश्यक ठरते. कापसाच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस दम्यासारखा भासतो. सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे. तेथे धुळीपासून दूर राहणे हाच मुख्य उपाय होय.

जुनी औषधे
मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन व सुवर्णक्षार यांचे प्रयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. स्टेरॉइडमध्ये झालेली घट अल्प, तर यकृत, मूत्रपिंड इत्यादींवरील दुष्परिणाम लक्षणीय असल्याने ही औषधे आज सरसकट दिली जात नाहीत. टायोट्रोपियम इनहेलर व आठवड्यातून तीनदा ॲझिथ्रोमायसिन यांमुळे काही रुग्णांत दम्याचे झटके कमी होतात.

जैविक औषधे
ही इंजेक्शने दाहाच्या साखळीतील विशिष्ट घटकाला अडवतात. ओमालिझुमॅब (अमेरिकेत मान्यता २००३) ॲलर्जीशी निगडित आयजीई प्रतिपिंडावर कार्य करते. मेपोलिझुमॅब (२०१५) व बेनरालिझुमॅब (२०१७) ही रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या रुग्णांना उपयुक्त ठरतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बेनरालिझुमॅब घेणाऱ्यांच्या गोळ्यांची मात्रा मध्यकाने ७५ टक्के, तर औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांची २५ टक्के घटली. ड्युपिलुमॅबनेही (दम्यासाठी २०१८) स्टेरॉइडची गरज कमी होते. टेझेपेलुमॅब (२०२१) झटके कमी करते. मात्र गोळ्या घटवण्याचे उद्दिष्ट त्याच्या चाचणीत साध्य झाले नाही. ही औषधे महाग असून अचानक आलेल्या झटक्यावर उपयोगी नाहीत.

दक्षता
पर्यायी औषध सुरू झाले तरी स्टेरॉइड एकाएकी थांबवू नयेत. दीर्घ सेवनाने अधिवृक्क ग्रंथींचे कार्य मंदावलेले असते. गोळ्या अचानक बंद केल्यास रक्तदाब घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. मात्रा वैद्यकीय देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवतात. नाव न छापलेल्या ‘दम्याच्या पुड्यां’त स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणे भारतात आढळली आहेत. अशा पुड्या घेणारा रुग्ण नकळत स्टेरॉइडावलंबी होऊ शकतो. म्हणून त्याने ही माहिती डॉक्टरांपासून लपवू नये.